चार गोळ्या आणि एक साक्ष

राखेचा बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

ईस्टरआधीच्या या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मी भांडण सोडलं आहे. चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगून आले, त्यामुळे आता माघार नाही. कुणी चहा सोडला, कुणी मटण, पाळकसाहेबांनी मोबाईलवरचे व्हिडिओ सोडले. मी भांडण सोडते म्हटल्यावर बायकांच्या बाजूला हशा पिकला. शलमोन पुरुषांच्या बाजूला बसून छताकडे बघत होते. ईस्टरपर्यंत तोंड आवरायचं तर पोटातलं कुठेतरी ओतायला हवं, म्हणून ही वही. वहीत नवऱ्याचं नाव घेणार. तोंडावर ‘अहो’ आहेच.

आणखी एक गोष्ट सोडणार आहे, ती कुणालाच सांगितलेली नाही. गोळी.

सरळ लिहून टाकते, इथे कोण बघतंय. मी मरिया, वय त्रेपन्न, बावीस वर्षं नर्स. पेशंट उचलता उचलता पाठीची चकती सरकली. दुखणं थांबावं म्हणून वॉर्डातलं अफूच्या जातीचं इंजेक्शन एकदा घेतलं, मग दोनदा, मग दुखत नसतानाही. चार वर्षं रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव लिहिलं आणि टोचलं स्वतःला. सहा वर्षांपूर्वी पकडले गेले. नोकरी गेली, आणि तिच्या पाठोपाठ माझी शब्बाथशाळा गेली. एकोणीस वर्षं दर रविवारी मी या श्रीरामपुरातल्या पोरांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगितल्या. नोकरी गेल्याचं मला इतकं लागलं नाही. तो वर्ग काढून घेतला तेव्हा मी आठ दिवस पडून होते.

सुई मात्र बाहेरून चालूच राहिली. गेल्या सप्टेंबरपासून व्यसनमुक्ती केंद्रावर रोज चार गोळ्या घेते. इंजेक्शनच्या जागी गोळी, जिभेखाली विरघळवायची, डॉक्टरच्या देखरेखीखाली. तेव्हापासून सुई नाही. जेवण जातं, झोप लागते, माणसात आले.

आज उपासना संपल्यावर महिला मंडळाच्या छबूबाईंनी मला बाजूला घेतलं. “मरियाबाई, ईस्टरला तुमी साक्ष द्या. प्रभूनं सोडवलं म्हना, समद्यांम्होरं. चर्चची पंचकमिटी तयार हाय. त्येच्या फुडल्या रविवारपास्नं वर्ग तुमाला.” मला रडूच आलं. मग त्या म्हणाल्या, “पन तवर ती गोळी बी सुटलेली पायजे बरं का. एक बी न्हाई.”

डॉक्टरांना गेल्या महिन्यात विचारलं होतं. “इतक्यात नको, निदान वर्षभर तरी नाही,” म्हणाले. डॉक्टर तीस वर्षांचे आहेत. असले डॉक्टर माझ्या हाताखाली सलाईन लावायला शिकले. माझं मी बघते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शलमोन मला रोज स्कूटरवर नेतात आणि बाहेर लिंबाखाली पेपर वाचत थांबतात. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात जन्म गेला. आता कामगार नाहीत तर माझी हजेरी लावतात. किती वाजता आत गेले, किती वाजता बाहेर आले, सगळं तोंडपाठ.

खिडकीत पंकजा असते. नर्सिंग स्कूलला ती माझी विद्यार्थिनी. नियम असा की सिस्टरने गोळ्या चुरून स्वतः जिभेखाली टाकायच्या, आणि मग समोरच्या बाकावर दहा मिनिटं तोंड मिटून बसायचं. बोलायचं नाही, गिळायचं नाही. चुरतात अशासाठी की कुणी अख्खी गोळी तोंडातून काढून बाहेर नेऊ नये. पण पंकजा माझ्या चुरत नाही. “मॅडम, तुम्हांला काय चुरून द्यायच्या,” म्हणत तळहातावर ठेवते. जिने सुई धरायला शिकवलं तिला आ करायला कसं सांगायचं, असं तिला वाटतं. बिचारी.

आज तीन जिभेखाली ठेवल्या, एक मुठीत. चौदा दिवस तीन, चौदा दिवस दोन, चौदा दिवस एक, आणि ईस्टरच्या आधी शून्य. सगळं कागदावर मांडलंय. याला कुणी चोरी म्हणू नये. गोळी माझीच आहे. शिवणयंत्राच्या खणात एक डबा आहे, त्यात टाकते. ईस्टर झाल्यावर सगळ्या नेऊन परत देईन.

बाकावर शेजारी परवेझ होता. कांद्याचा टेम्पो चालवतो, आधी गर्द ओढायचा. असल्या लोकांच्या शेजारी बसायची वेळ आली आहे खरी. आज त्यांचा पहिला रोजा. गोळी विरघळल्यावर मी म्हटलं, “काय रे, रोजा मोडला ना तुझा?” तो म्हणाला, “मोडला न्हाई सिस्टर, धरलाच न्हाई. मौलानांना इचारून आलो. आजाऱ्याला सूट हाय. बरा झाल्यावर हे समदे रोजे भरून देनार.” अगदी निवांत सांगत होता. मला त्याचा रागच आला. इतकं सोपं असतं का?

२३ फेब्रुवारी, सोमवार

छबूबाई सकाळीच हजर. साक्षीचं काय लिहिलंत म्हणून विचारायला आल्या आणि तासभर गोळीवरच बोलत बसल्या. किती दिवसांत सुटते? पहिले तीन दिवस लई तरास होतो म्हणतात, खरं का? तीन दिवस काढले की मग निघतं का? घरातल्या घरात जमतं का? वय लहान असलं तर लवकर सुटतं का?

माझं वय लहान नाही हे त्यांना दिसत नाही का? बाईला दुसऱ्याची जखम उकरायची भारी हौस. भांडण सोडलं आहे म्हणून गप्प बसले, नाहीतर चांगली झाडली असती. उत्तरं मात्र नीट दिली, जुनी सवय. त्या पदराच्या टोकाला गाठी मारत ऐकत होत्या. जाताना म्हणाल्या, “तुमचं हुईल बगा. तुमचं झालंच पायजे.”

त्यांचा जोएल पुण्याला कंपनीत आहे. एकुलता एक, सव्वीस वर्षांचा, गुणी. माझ्याच वर्गात होता. त्या बाईला दुसरं दुःख नाही, म्हणून माझ्या मागे लागली आहे.

३ मार्च, मंगळवार

सर्दी झाली आहे. हवा बदलतेय. जांभया फार येतात. परवापासून दोन गोळ्या सुरू करायच्या.

शलमोन विचारत होते, “तुला बरं वाटत नाही का?” म्हटलं, “कांदा चिरतेय, दिसत नाही?” त्यांनी पातेल्यात डोकावलं. आत भोपळा होता. झाकण ठेवलं आणि बाहेर गेले.

८ मार्च, रविवार

एंजेला माझा वर्ग घेते. बावीस वर्षांची पोर, शिकवते बरी, पण गोष्ट मोबाईलमध्ये बघून वाचते. मी खिडकीशी उभी होते. पोरांना दाविदाची गोष्ट सांगताना त्याच्या गोफणीतला दगड कसा भिरभिरत गेला हे हात फिरवून दाखवायचं असतं. ते तिला कोण सांगणार? एका मुलीने मला बघून हात हलवला. ती माझ्या वेळी पाळण्यात असेल, म्हणजे कुणीतरी तिला मी कोण ते सांगितलं असणार. काय सांगितलं असेल?

घरी येऊन साक्ष लिहायला घेतली. “आज मी काहीही घेत नाही” हे वाक्य चार वेळा लिहिलं. अक्षर वाकडं येतंय. या पेनात काही दम नाही.

१६ मार्च, सोमवार

परवेझने आज माझी मूठ पाहिली. बाकावर दहा मिनिटं झाल्यावर हळूच म्हणाला, “सिस्टर, मूठ उगडा.”

“तुला काय करायचंय?”

“मला काय करायचं न्हाई. पन आमी बी असंच केलं हुतं. मी दोनदा केलं. अंगावर काटा येतोय तुमच्या, बगा.”

मी पदर ओढून घेतला. सांगितलं, मी बावीस वर्षं नर्स होते, टेम्पोवाल्याने मला शिकवू नये. भांडण नव्हतं, आवाज चढवला नव्हता. तो उठून गेला. जाताना पंकजाकडे बघितलं पण तिला काही बोलला नाही. नंतर घरापर्यंत मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या, आणि काटा होताच अंगावर. उन्हात.

पाय रात्रभर ठणकतात. चालणं कमी झालंय म्हणून असेल.

२१ मार्च, शनिवार

एक गोळी सुरू होऊन तीन दिवस झाले. पोट बिघडलं आहे. आज ईद. परवेझने बाकावर सगळ्यांसाठी शीरखुर्म्याचा डबा आणला होता. मी घेतला नाही. पोट बिघडलं होतं हे खरं कारण आहे.

शलमोन डबाभर घेऊन आले. लिंबाखाली बसून ते आणि परवेझ खात होते म्हणे.

२४ मार्च, मंगळवार

सगळं लिहिते, नाहीतर उद्या मी यालाही काहीतरी नाव देईन.

पाच दिवस झोप नाही. सकाळी केंद्रावरून आले, शलमोन बाजारात गेले, आणि मी पायात चप्पल घालून स्टँडमागच्या एका मेडिकलवर गेले. तो मला जुन्या दिवसांपासून ओळखतो. पाठ दुखते म्हटलं. पाठ खरंच दुखत होती. त्याने कागदही मागितला नाही. घरी आले. स्वयंपाकघरात उभी राहून सिरिंज भरली. हात एकदम स्थिर झाला होता. पंधरा दिवस पेन धरता येत नव्हतं आणि सुई धरल्यावर हात स्थिर.

शलमोन कधी आले कळलं नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि समोर बसले.

“डबा शिवणयंत्राच्या खणात आहे,” ते म्हणाले. “साठ गोळ्या आहेत. सकाळी मोजल्या.”

मी म्हटलं, “तुम्हांला कधी कळलं?”

“पहिल्या दिवशी. स्कूटरवर तू मला दोन हातांनी धरतेस. त्या दिवशी एका हाताने धरलंस आणि दुसऱ्या हाताची मूठ माझ्या पाठीला लागत होती. घरापर्यंत.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू भांडण सोडलं होतंस. मी एकट्याने काय भांडायचं?” आणि मग ते रडायला लागले. एकतीस वर्षांच्या संसारात मी त्यांना दोनदा रडताना पाहिलं, दोन्ही वेळा मयतीत. “मला वाटलं, तू शिकलेली आहेस, तुला कळत असेल,” म्हणाले. “माझं चुकलं मरिया. मी बोलायला हवं होतं.”

मी सुई मोरीत रिकामी केली. धीर म्हणून नाही. समोर बसलेल्या माणसाकडे बघवेना म्हणून केली.

२५ मार्च, बुधवार

डबा, रिकामी सिरिंज आणि कुपी सगळं घेऊन खिडकीशी गेले. पंकजाने डबा उघडला आणि तिचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, माझ्या काळजीने. मग कळलं. गोळ्या चुरायची जबाबदारी तिची होती. या साठ गोळ्या तिच्या नोकरीवर येऊ शकतात. तिची दोन लहान मुलं आहेत, नवरा नाही. मी महिनाभर मोठ्या दिमाखात कागदावर हिशेब मांडत होते, आणि त्या कागदावर पंकजा कुठेच नव्हती.

डॉक्टर रागावतील म्हणून तयारीने गेले होते. त्यांनी फक्त विचारलं, “झोप किती दिवस नाही?” मग म्हणाले, “सिस्टर, गोळी कमी करायची तर आपण दोघं मिळून करू. आज नाही. वाढवत पुन्हा चारवर नेऊ. आणि आता एक दिवसही चुकवायचा नाही. या दिवसांत तुम्ही कडेला उभ्या आहात.” तीस वर्षांचं पोर. मान खाली घालून ऐकून घेतलं.

मी लेखी दिलं की चूक माझी, सिस्टर पंकजा यांनी विश्वास ठेवला आणि मी तो वापरला. तरी तिला मेमो मिळालाच. तो घेऊन ती खिडकीत परत आली, गोळ्या चुरल्या, आणि म्हणाली, “आ करा, मॅडम.”

मी आ केला. बाकावर परवेझने सरकून जागा दिली.

२८ मार्च, शनिवार

तीन दिवसांत अंग शांत झालं. डोकंही. आता मला जे म्हणायचं आहे ते स्पष्ट दिसतंय. मी गोळी घेते. गोळी घेते म्हणून मी चोरी करत नाही, खोटं बोलत नाही, जेवते, नवऱ्याशी भांडते. खोटं मी कधी बोलले? जेव्हा गोळी सोडत होते तेव्हा. हीच माझी साक्ष. पसंत असेल त्याने ऐकावी.

हे सांगायला छबूबाईंच्या घरी गेले. त्यांनी दार अर्धंच उघडलं. मी आत पाऊल टाकलं आणि सगळं सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या.

“म्हंजी सुटत न्हाई?”

“माझी सुटली नाही. आणि मी सोडणारही नाही, डॉक्टर म्हणेपर्यंत.”

“तीन दिसांत न्हाई? आठवड्यात बी न्हाई? तुमी तर नर्स हाय!”

इतका राग आला. माझ्या साक्षीवर यांच्या मंडळाची शोभा अवलंबून होती वाटतं. तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारावर आतून कुणीतरी थाप मारली. दाराला बाहेरून कडी होती, उंबऱ्याशी जेवणाचं ताट, तसंच पडलेलं. “पुतन्या आलाय,” छबूबाई घाईघाईने म्हणाल्या, “गोवर निगालाय त्याला.” मी म्हटलं, बघते की, गोवराची मी शेकडो पोरं पाहिलीत. त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. “नगं नगं. तुमी जावा आता.”

म्हणजे चोरटी नर्स यांच्या पुतण्याच्या अंगाला हात लावायच्या लायकीचीही नाही. चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. घरी येईपर्यंत डोळे भरलेले होते.

झावळ्यांचा रविवार, २९ मार्च

गोळी सोडलेली नाही हे पाळकसाहेबांच्या कानावर गेलं होतं, त्यांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, पंचकमिटीला भितो. “मरियाबाई, साक्ष जरूर द्या. फक्त गोळीचा विषय नको. लोकांचा गोंधळ होतो. प्रभूने सोडवलं एवढंच म्हणा, पुढे बोलू नका.”

“पाळकसाहेब, तुम्ही डोळ्यांसाठी प्रार्थना करता?”

“करतो की.”

“मग चष्मा कशाला?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “ते वेगळं,” म्हणाले. शेवटी म्हणाले, “तुम्ही तर भांडण सोडलंय ना?” मी म्हटलं, “बरं.” ‘बरं’ म्हणजे ‘हो’ नव्हे, हे त्यांना इतकी वर्षं संसार करून कळलेलं नाही.

२ एप्रिल, गुरुवार

रविवारी केंद्र फक्त नऊ ते दहा उघडं असतं. ईस्टरची मोठी उपासना आठला आहे. साक्ष साडेआठला ठेवू, नऊपर्यंत मोकळ्या व्हाल, असं पाळकसाहेबांनी सांगितलं. शलमोन म्हणाले, “आपलं चर्च वेळेवर कधी उरकलंय?” खरं आहे. पण वर्ग परत मिळायचा असेल तर हीच वाट आहे, आणि मला तो वर्ग हवा आहे. लपवत नाही. मला तो फार हवा आहे.

ईस्टर, ५ एप्रिल

पहाटे कबरस्तानात मेणबत्त्या लावल्या, आईच्या कबरीवर फुलं ठेवली. आठला पांढरी साडी नेसून पुढच्या बाकावर. साडेआठला गायन सुरू झालं आणि संपेचना. मग तीन बाप्तिस्मे. एक पोर पाण्याला घाबरून असं रडलं की थांबावं लागलं. मग उपदेश. मी घड्याळ बघत होते, शलमोन पलीकडून मला बघत होते. नऊ वीस. नऊ तीस. नऊ पस्तीसला पाळकसाहेब म्हणाले, “आता आपल्या भगिनी साक्ष देतील.”

उभी राहिले. माझ्या वर्गातली सगळी पोरं समोर होती. जी मोठी होऊन गेली तीही, लेकरं कडेवर घेऊन. लिहून आणलेला कागद उघडला नाही.

“आज ईस्टर,” मी म्हटलं. “भांडण सोडल्याचे दिवस संपले. मी इंजेक्शन घेत होते. पेशंटच्या वाट्याचं चोरून घेत होते. आता घेत नाही. आता केंद्रावर रोज जिभेखाली गोळी घेते. पंचकमिटीने सांगितलं, गोळी सोडून या, मग वर्ग देऊ. मी सोडायला गेले. सोडता सोडता पुन्हा चोर झाले, परत सुई भरली, आणि एका चांगल्या मुलीची नोकरी धोक्यात घातली. म्हणून मी गोळी सोडलेली नाही. प्रभूने मला सोडवलं का? सोडवलं. गोळी देऊन सोडवलं. खिडकी दहाला बंद होते, आता पावणेदहा होत आले. माझी उरलेली साक्ष तिथे आहे. ज्याला ऐकायची त्याने यावं.”

आणि मी मधल्या वाटेने चालू लागले. कुणी आमेन म्हटलं नाही. पुरुषांच्या बाजूने कुणीतरी “बसा खाली” म्हणालं. ते मला नव्हतं, शलमोनना होतं, कारण ते उठले होते. ते बसले नाहीत. मागून एंजेलाचा आवाज आला, पोरांना गप्प करत होती. दारापर्यंत माझी मान वर होती.

स्कूटर शलमोननी अशी कधी चालवली नाही. नऊ चोपन्नला खिडकीशी. पंकजाने साडीकडे बघितलं आणि गोळ्या चुरल्या. आ केला. बाकावर बसले, तोंड मिटलं.

दोन मिनिटं झाली असतील. रिक्षा थांबली आणि छबूबाई उतरल्या. धापा टाकत आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. मला वाटलं, मंडळाकडून बोलणी खायची आहेत. खाऊ, तोंड बंद आहे तोवर ऐकून घेऊ.

“मरियाबाई, जोएल पुन्याला न्हाई.”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“त्यो घरात हाय. डिसेंबरपास्नं. गर्द वढतो. मी कडी लावून ठिवलाय, अकरा दिस झालं. तुमी म्हनला व्हता पयले तीन दिस तरास, मंग निगतं. तीन झालं, सा झालं, मी म्हनलं तुमचं न्हाई सुटलं तरी याचं वय ल्हान, याचं सुटंल. दार खडखडवायचा, शिव्या द्यायचा, रडायचा. मी भाईर बसून प्रार्थना करायची. कालपास्नं खडखडवत बी न्हाई. पानी बी घेत न्हाई नीट. तुमी त्या दिशी आल्ता, तुमी बगते म्हनला आन मी दारात उबी ऱ्हायले. मला लाज वाटली. नर्स दारात उबी हुती आन मला लाज वाटली!”

त्या सगळं सांगत होत्या आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. आयुष्यात मी कुणाचं बोलणं इतका वेळ मध्ये न तोडता ऐकलेलं नाही. फेब्रुवारीपासून ही बाई मला विचारत होती. तीन दिवस, घरातल्या घरात, लहान वय. मी प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं आणि एकदाही विचारलं नाही, कुणासाठी विचारताय? मी तिला नावं ठेवत होते. ते ताट मी पाहिलं होतं, मी! मी तिचा हात धरला. एवढंच करता आलं.

दहा मिनिटं झाली तशी उठले. परवेझचा टेम्पो बाहेर होता, त्यातूनच सगळे छबूबाईंच्या घरी गेलो. त्यानेच दार उघडलं, त्यानेच जोएलला उचललं. अंगात पाणी नव्हतं, ओठ फुटलेले, पण मला ओळखलं. “टीचर,” म्हणाला. सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं. तिथल्या नर्सला शीर सापडेना. मी म्हटलं, दे इकडे. आणि मग हात मागे घेतला, आणि तिला शेजारी उभं राहून दाखवलं कुठे धरायचं ते.

७ एप्रिल, मंगळवार

जोएलचं नाव केंद्रावर घातलं. डॉक्टरांनी तपासलं, चालू करू म्हणाले. फॉर्म भरताना पंकजाने विचारलं, सोबत कोण? छबूबाईंनी स्वतः अंगठ्याएवढ्या अक्षरांत नाव लिहिलं. बाकावर जोएल, मी आणि परवेझ. तोंडं बंद. समोर लिंबाखाली शलमोन आणि छबूबाई, दोघांची तोंडं चालू.

९ एप्रिल, गुरुवार

पंचकमिटीचं पत्र आलं. माझ्या वर्तनाने उपासनेत व्यत्यय आला, सबब शब्बाथशाळेचा वर्ग देण्याचा विचार तूर्त स्थगित. खाली पाच सह्या. वर माझं नावही चुकीचं लिहिलंय. दुपारी पडून राहिले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ती हात हलवणारी पोरगी डोळ्यांसमोरून जाईना.

मग उठले आणि उत्तर लिहिलं. “पंचकमिटीस सलाम. रविवारी नऊ ते दहा मी केंद्रावर असते आणि पुढेही असेन. शब्बाथशाळा त्याच्या आधी किंवा नंतर ठेवली तर शिकवायला येईन. ठेवली नाही तर माझ्या अंगणात चाळीस पोरं मावतात, आणि मी त्यांना बोलावणार आहे.” खाली सही केली, नाव नीट लिहून.

छबूबाई जोएलला घेऊन आल्या होत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, बोट फिरवत. मग पेन मागितलं आणि माझ्या सहीखाली आपली सही केली, वर ‘अध्यक्षा, महिला मंडळ’ असं लिहून. पेन परत देता देता थांबल्या.

“आमचं बी लिवा त्यात,” म्हणाल्या. “मी आन माजा जोएल बी तवा तितंच, केंद्रावर असतो. नावानिशी लिवा.”

जोएलकडे बघितलं. त्याने मान डोलावली. नावानिशी लिहिलं.